अल्त्रोव्हे

इटालियनच्या शिकवणीत माझे लक्ष खिडकीबाहेर गेलेले पाहून बाई एकदा हसून जे म्हणाल्या, त्याचा शब्दशः अर्थ 'तुझे डोके अन्यत्र आहे' असा होता. त्यातल्या 'अल्त्रोव्हे' म्हणजे 'अन्यत्र' या शब्दाने तेव्हापासून मनात घर केले आहे.

'अल्त्रो' म्हणजे दुसरा आणि 'ओव्हे' म्हणजे कोठे. आपल्या 'अन्यत्र'ची घडणही अशीच. मात्र दोघांचे नशीब वेगळे. 'वाहने अन्यत्र लावावीत' अशा पाट्यांवर आपला शब्द उभा असतो, घरात त्याला कोणी विचारीत नाही. आई 'लक्ष कुठे आहे तुझे?' एवढेच म्हणते. इटालियन माणूस उपपद जोडून 'लाल्त्रोव्हे' म्हणतो आणि त्या क्रियाविशेषणाचे जणू एक गाव होते, नकाशावर नसलेले, तरी ओढ लावणारे. आपल्या परगावात आणि परदेशात तो 'पर' आधीच परकेपणा घेऊन बसलेला असतो.

ही ओढ नुसती स्वप्नाळू नव्हे. १८७६ ते १९७६ या शंभर वर्षांत अडीच कोटींच्या आसपास माणसे इटली सोडून गेली. जेनोव्हा किंवा नेपल्सच्या धक्क्यावरून बोटीत चढणाऱ्या शेतमजुराचे 'अन्यत्र' म्हणजे ब्राझील, अर्जेंटिना किंवा न्यूयॉर्क, आणि मागे राहिलेल्यांसाठी पत्राची वाट.

मी ठाण्यात राहतो, म्हणून मला या शब्दाची एक निराळीच गंमत वाटते. चौदाव्या शतकाच्या विशीत ओदोरिको हा इटलीतला फ्रान्सिस्कन पंथाचा ख्रिस्ती साधू इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझ बंदराहून, लोखंडाचा खिळाही नसलेल्या, दोऱ्यांनी शिवलेल्या जहाजातून २८ दिवसांत ठाण्याला पोहोचला. १३२१ मध्ये येथे मारल्या गेलेल्या चार साधूंच्या अस्थी गोळा करून तो पुढे चीनला गेला आणि परतल्यावर १३३० मध्ये इटलीतल्या पाद्वा येथे त्याने प्रवासाची हकिकत सांगून लिहवून घेतली. म्हणजे रोज लोकल पकडण्यासाठी मी जेथे धावतो, ते माझे अगदी 'इथे' त्या श्रोत्यांच्या लेखी टोकाचे अल्त्रोव्हे होते.

ठाण्यातले उंदीर कुत्र्यांएवढे असतात आणि मांजरांना ते आवरत नाहीत, असेही त्याने सांगितले आहे. यात मला मुळीच अतिशयोक्ती वाटत नाही. त्याने घूस पाहिली असावी. आमच्या इमारतीच्या गटारापाशी संध्याकाळी एखादी घूस तुरतुरत गेली, की पाद्वातल्या त्या श्रोत्यांचे विस्फारलेले डोळे मला दिसू लागतात, आणि भाजीची पिशवी हातात धरून मी जिन्याखाली तसाच उभा राहतो.