उंबऱ्यावरचं शून्य

मावशीचा लंडनचा नंबर आईच्या वहीत मावशीनेच लिहून ठेवला होता, तिकडे सांगतात तसा: आधी ०२०, मग आठ आकडे. आता गंमत बघा, आमच्या पुण्याचा कोडसुद्धा ०२०, आणि पुढे आकडेही आठच! लंडनला हा कोड २००० साली मिळाला, त्याआधी तिथे ०१७१ आणि ०१८१ होते. आईला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिने वहीत बघून लँडलाइनवरून नंबर जसाच्या तसा फिरवला. टेपवरची बाई म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही.

"पत्ता दिलाय, फोटो पाठवते, आणि अस्तित्वात नाही म्हणे," आई रिसीव्हर ठेवत म्हणाली.

मी वहीत दुरुस्ती केली. आधी ००, म्हणजे देशाबाहेर निघालो. मग ४४, ते ब्रिटन. मग नुसतं २०.

"आणि पुढचं शून्य?"

ते ब्रिटनमधल्याच लोकांसाठी. मँचेस्टरहून लंडनला फोन लावायचा तर 'गावाबाहेर लावतोय' हे सांगायला शून्य लागतं. आपण थेट परदेशातून येतोय, आपल्याला ते नको. मावशीनेही पुण्याला लावताना ९१ नंतर २०च फिरवायचं.

आईने विचार केला. "म्हणजे चप्पल. उंबऱ्याशी काढून आत जायचं."

इतकं सोपं करून मला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे परदेशी फोन लावणाऱ्याला आठवण करून देतात, चप्पल काढलीस का? इटलीत मात्र हा नियम चालत नाही. रोमच्या लँडलाइनला बाहेरून लावतानाही ३९ नंतर ०६ पुरं फिरवावं लागतं. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "शी! घरात घालून फिरतात?"

या कोडांमध्ये शेजारपाजारही दिसतो. आपण ९१, पाकिस्तान ९२, अफगाणिस्तान ९३, श्रीलंका ९४, म्यानमार ९५. चाळीतल्या खोल्यांसारखे ओळीने. बांगलादेश तेवढा ८८० वर, पलीकडच्या चाळीत. अमेरिका आणि कॅनडा एकाच आकड्यावर, १ वर, ऐसपैस.

पुण्याचा जुना कोड ०२१२ होता. शून्य काढलं की उरतो २१२, आणि तो न्यूयॉर्कचा! १९४७ मध्ये तो न्यूयॉर्कला दिला, कारण चकतीच्या फोनवर १ आणि २ चटकन फिरतात. मोठ्या शहराला कमी वेळ लागणारे आकडे. त्या चकतीवर सगळ्यात हळू काय फिरायचं, तर शून्य. बोट अडकवून पार टोकापर्यंत न्यायचं आणि चकती करकरत परत येईस्तोवर वाट बघायची. परदेशी फोनसाठी सुरुवातीलाच तशी दोन.

मोबाइलवर आता शून्याची कळ दाबून धरली की अधिकचं चिन्ह येतं. भारतातून बाहेर जायला ००, अमेरिकेतून ०११, जपानमधून ०१०. जिथे असाल तिथला आकडा तो अधिक आपोआप लावतो. मावशी आता व्हॉट्सअ‍ॅपवर असते, नंबर फिरवायचा प्रश्नच नाही.

वही मात्र आहे. लंडनच्या नंबरातल्या पहिल्या शून्यावर माझी काट, आणि शेजारी आईच्या अक्षरात पेन्सिलीने: चप्पल.