गेममधून खऱ्या ट्रॅकवर : माझा अनुभव, आणि त्या मेडिकल फॉर्मचे ११ दिवस

हे लिहायला घेऊन दोन महिने झाले पण दर वेळी त्या फॉर्मपाशी आलो की डोकं तापतं आणि मोबाईल बाजूला ठेवतो. आज पूर्ण लिहितोच, कारण गेल्या आठवड्यात बार्शीच्या एका मुलाने विचारलं की दादा तुम्ही सिम रेसिंगमधून, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेममधून, कोइम्बतूरच्या ट्रॅकवर गेला होता ना, काय काय लागतं. त्याला फोनवर चाळीस मिनिटं सांगितलं, त्यातली पंचवीस मिनिटं मेडिकलवरच गेली.

मी सोलापूरचा. वय २३. पप्पांचे यंत्रमाग आहेत, वरच्या खोलीत माझी रिग. रिग म्हणजे लोखंडी अँगल वेल्डिंग करून घेतलेली फ्रेम, जुन्या गाडीची सीट आणि लॉजिटेकचं जी २९ व्हील. खाली माग चालू असले की खोली हादरते, त्यामुळे मी कायम रात्री अकरानंतर बसायचो. असेटो कोर्सा हा रेसिंग गेम खेळतो चार वर्षं झाली.

स्पर्धेचं थोडक्यात सांगतो. ऑनलाइन हॉटलॅप, म्हणजे ट्रॅकवर एकट्याने सगळ्यात वेगवान फेरी मारायची, सगळ्यांना एकच गाडी, एकच सेटअप. गाडी टाटूस एफए०१, ट्रॅक इटलीतला माजोने, अडीच किलोमीटरचा छोटा ट्रॅक. तीन आठवडे मुदत. पहिले २० येतील त्यांना कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर बोलावणार, तिथे दोन दिवस खरी गाडी, आणि त्यातून ४ जण पुढच्या ट्रेनिंगला. मी १३ वा आलो. शेवटच्या आठवड्यात चार दशांश सेकंद काढले, ते सगळे ब्रेक उशिरा मारून नाही तर ब्रेक हळूहळू सोडून, म्हणजे ट्रेल ब्रेकिंग. हे ज्याला जमत नाही त्याने बाकी काही करू नका, दोन आठवडे फक्त हेच करा.

ही स्वप्नं काय हवेत बांधलेली नाहीत हे घरी पटवायला मला जुनी उदाहरणं सांगावी लागली. २००८ मध्ये निसान आणि प्लेस्टेशनने जीटी अकॅडमी सुरू केली, ग्रॅन टुरिस्मो हा रेसिंग गेम खेळणाऱ्यांमधून ड्रायव्हर निवडायचे. पहिला जिंकला तो स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ, आणि २०११ ला तो ल मॉनच्या २४ तासांच्या रेसमध्ये आपल्या क्लासमध्ये, म्हणजे गाड्यांच्या गटात, दुसरा आला. त्याच वर्षी जॅन मार्डेनबरो ९० हजार जणांमधून निवडला गेला आणि २०१३ ला ल मॉनमध्ये क्लासमध्ये तिसरा. नंतर जेम्स बाल्डविन, वर्ल्ड्स फास्टेस्ट गेमर ही स्पर्धा जिंकून २०२० ला ब्रिटिश जीटी या खऱ्या गाड्यांच्या रेस मालिकेत आला आणि पहिलीच रेस जिंकला. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, जायचं तर जा, पण हातपाय सांभाळून ये. आईने दोन दिवस बोलणं सोडलं होतं. नंतर तिनेच धपाटे बांधून दिले.

आता फॉर्म.

निवड झाल्याचा मेल सोमवारी रात्री आला. सोबत इंडेम्निटी बॉंड (काही झालं तर आयोजक जबाबदार नाहीत असं लिहून द्यायचा कागद), फोटो, आधार, ड्रायव्हिंग लायसन्स, आणि दोन पानांचा मेडिकल फॉर्म. मुदत पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत, म्हणजे ११ दिवस. मला वाटलं ११ दिवस म्हणजे खूप झाले. बॉंड नोटरीकडे अर्ध्या तासात झाला, बाकीची कागदं घरातच होती. मेडिकल फॉर्मवर ब्लड प्रेशर, ईसीजी, दोन्ही डोळ्यांची नजर, रंग ओळखण्याची टेस्ट, रक्तगट, जुनी फ्रॅक्चर, फिट येते का वगैरे, आणि शेवटी एक ओळ : सदर व्यक्ती मोटर रेसिंगसाठी तंदुरुस्त आहे. खाली एमबीबीएस डॉक्टरची सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर.

त्या एका ओळीने माझा जीव खाल्ला.

मंगळवारी सकाळी एका मोठ्या खाजगी दवाखान्यात गेलो. नाव घेत नाही. केस पेपर काढला, अडीच तास बसलो, आत गेलो तर डॉक्टरांनी फॉर्म वरून खाली बघितला आणि 'मोटर रेसिंग'वर बोट ठेवून म्हणाले हे काय आहे. मी सांगितलं. म्हणाले उद्या तुला काही झालं तर माझी सही दाखवणार ना, मी नाही करत, वरच्या फिजिशियनकडे जा. फिजिशियन गुरुवारी येतात. म्हणजे मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी परत केस पेपर, परत पैसे, आणि ते म्हणाले आयोजकांचं लेटर आणा की सहीची जबाबदारी डॉक्टरवर येणार नाही. मी तिथेच उभ्याउभ्या आयोजकांना मेल केला. उत्तर आलं ते ऑटोमॅटिक, 'आम्ही लवकरच संपर्क करू'. तो संपर्क आजपर्यंत झालेला नाही. फॉर्मवर फोन नंबर नव्हता, वेबसाइटवर होता तो लागत नव्हता. अरे तुम्ही देशभरातून पोरं बोलावता, त्यांना दीडशे किलोमीटरच्या स्पीडने गाडी चालवायला देता, मग एक माणूस फोन उचलायला ठेवता येत नाही का?

शुक्रवारी दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये. इथे डॉक्टर चांगले बोलले, बीपी घेतलं, छाती तपासली, आणि म्हणाले असं कर, मी तुला फिटनेस देतो. मी इतका खूश की कागद नीट न बघता घरी आलो. त्यांनी दिला होता फॉर्म १ अ, जो आरटीओत लायसन्सला लागतो तो. मी तोच स्कॅन करून अपलोड केला, म्हटलं डॉक्टरचीच सही आहे ना. रविवारी रात्री लाल अक्षरात रिजेक्ट, 'चुकीचा नमुना'. चूक माझी पण आहे, कागद हातात आला की तिथेच उभं राहून वाचायचा, हे लिहून ठेवा.

मध्येच आठवलं म्हणून सांगतो, डोळ्यांची टेस्ट वेगळी आधी करून घ्या, चष्म्याच्या डॉक्टरकडे. माझी पंधरा मिनिटांत झाली. ते ठिपक्यांचे आकडे असलेलं पुस्तक दाखवतात ना, ते. रंग ओळखता येणं यासाठी लागतं की ट्रॅकवर तुम्हाला कोणी बोलून सांगणार नसतं, सगळं झेंड्यांवर. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सेशन थांबलं. निळा म्हणजे मागून जोरात येणाऱ्याला वाट दे. गेममध्ये हे स्क्रीनवर कोपऱ्यात येतं, खऱ्यात बाजूला एक माणूस हातात झेंडा घेऊन उभा असतो आणि तुम्ही त्याच्या समोरून क्षणात निघून जाता.

सोमवारी परत पहिल्या दवाखान्यात, कारण ईसीजी तिथेच होता. तिसरा केस पेपर. या वेळी ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होते, त्यांना मी मोबाईलवर कारी स्पीडवेचे व्हिडिओ दाखवले, हेल्मेट, सहा पट्ट्यांचा सीटबेल्ट, अ‍ॅम्ब्युलन्स उभी असते ते. त्यांना पटलं. सगळे रकाने भरले, सही केली. मी आनंदाने जवळजवळ ओरडलोच. शिक्का खालच्या काउंटरवर मिळेल म्हणाले. खाली गेलो तर काउंटरवाला जेवायला. पाऊण तासाने आला आणि त्याने दवाखान्याचा गोल शिक्का मारला, डॉक्टरचा नावाचा शिक्का नाही. रजिस्ट्रेशन नंबर नाही. मी म्हटलं नंबर पाहिजे. तो म्हणाला आमच्याकडे असाच देतात, सगळीकडे चालतो. वर पळालो तर डॉक्टरांची ड्यूटी संपलेली.

अपलोड केलं. बुधवारी दुपारी रिजेक्ट. 'रजिस्ट्रेशन नंबर नाही'. दवाखान्यात फोन केला तर ते डॉक्टर सुट्टीवर, शनिवारी येतील, आणि माझी मुदत शुक्रवारची. दुसऱ्या डॉक्टरांनी नंबर टाकावा म्हटलं तर ज्यांची सही त्यांचाच नंबर पाहिजे, आणि ते बरोबरच आहे. पण मग सही करतानाच शिक्का का नाही मारत? डॉक्टरचा शिक्का डॉक्टरच्या टेबलावर का नसतो? तीन केस पेपर, एक ईसीजी, सोळाशे रुपये, आणि हातात काय तर गोल शिक्का.

त्या रात्री मी रिगवर बसलोच नाही. गच्चीत जाऊन पडलो. चार दशांश सेकंदासाठी मी बाराशेच्या वर लॅप मारले होते आणि कधी कंटाळा आला नव्हता, कारण तिथे चुकलं कुठे ते कळतं. इथे कोणाला विचारायचं तेच कळत नव्हतं.

गुरुवारी सकाळी मित्राशी बोलताना तो म्हणाला, काय बे, आमच्या तालमीतल्या पोरांना स्पर्धेला फिटनेस लागतंच की, वस्तादांना विचार. आणि खरंच, कुस्तीची पोरं दर वर्षी मेडिकल करतात. वस्तादांनी एका जुन्या डॉक्टरांचं नाव दिलं, पेठेत, जिन्याखाली दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टर सत्तरीचे. मी सगळी फाईल पुढे ठेवली आणि रेसिंग शब्दावर हेही आता अडणार म्हणून आधीच समजावायला लागलो. ते म्हणाले, 'थांब बाळा, आधी तुला बघू दे.' बीपी घेतलं, गुडघे वाकवायला लावले, मान चारी बाजूंना फिरवायला लावली, मानेला जास्त वेळ दिला. म्हणाले हेल्मेट घालून वळणावर सगळा भार इथे येईल, आत्तापासून मानेचा व्यायाम कर. अकरा दिवसांत हा पहिला माणूस ज्याने फॉर्म सोडून माझ्याकडे बघितलं. ईसीजी आधी काढलेलाच बघितला, सही केली, खिशातून शिक्का काढला, त्यात नंबर होता. बारा मिनिटं. पैसे विचारले तर शंभर रुपये. गुरुवारी रात्री अप्रूव्हलचा मेल आला तेव्हा आई जागी होती, तिला उठून सांगितलं तर ती म्हणाली, झालं ना एकदाचं.

तर कोणाला हे करायचं असेल तर आधी तालमीत, कबड्डीच्या संघात, क्रिकेट क्लबमध्ये विचारा की तुमचं फिटनेस कोण करतं. मोठ्या दवाखान्यात जाऊ नका. आणि निवड व्हायची वाट बघू नका, स्पर्धेत नाव दिलं त्याच आठवड्यात डॉक्टर शोधून ठेवा. पुढे खऱ्या रेस करायच्या तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर स्पोर्टच्या संघटनेचं, कॉम्पिटिशन लायसन्स लागतं, तेव्हाही असा ओळखीचा डॉक्टर कामाला येतो.

कोइम्बतूरला सोलापुरातून सरळ गाडी आहे, कुर्ला-कोइम्बतूर एक्सप्रेस, एक दिवस एक रात्र. ट्रॅक शहराबाहेर, २.१ किलोमीटरचा, एस. करिवर्धन यांच्या नावाने. हेच ते ज्यांनी आपल्याकडे फॉर्म्युला मारुती या एका सीटच्या रेसिंग गाड्या बनवल्या होत्या. आम्हाला दिली ती एलजीबी फॉर्म्युला ४, तशीच एका सीटची, मारुती स्विफ्टचं इंजिन. मारुती म्हटल्यावर कोणी हलकं समजू नका, बसल्यावर जमीन ढुंगणाखाली चार बोटांवर असते.

पहिल्या सेशनला मी सगळीकडे लवकर ब्रेक मारत होतो, कारण ब्रेकला रोजच्या गाडीसारखा जोर कमी करणारा बूस्टर नाही, पाय अक्षरशः उभा राहिल्यासारखा दाबावा लागतो. माझ्या रिगचा पेडल त्यापुढे खेळणं आहे. ज्यांच्याकडे घरी लोडसेल पेडल (किती जोरात दाबलं ते मोजणारे) होते ती पोरं पहिल्या दहा मिनिटांत आमच्यापुढे गेली. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर पेडलवर घाला, व्हीलवर नाही. उलट लाइन, म्हणजे वळणातून गाडी कुठून न्यायची ती वाट, ब्रेक कुठून सुरू करायचा, वळणाच्या आधी नजर कुठे ठेवायची, हे सगळं गेममधून जसंच्या तसं आलं. आमच्या इन्स्ट्रक्टरने दुसऱ्या सेशननंतर विचारलं आधी कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांचं रेसिंग, केलंय का. मी म्हटलं कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर दोनदा, बाकी सगळं घरी. त्यांनी मान हलवली, पण टाइमशीटवर माझ्या नावापुढे टिक केली ती मी बघितली.

गाडी मागून सुटते ना, ते गेममध्ये डोळ्याला दिसतं आणि व्हीलमध्ये हाताला लागतं. खऱ्यात ते आधी कमरेला कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका लांब वळणावर मागचं टायर सरकलं आणि माझे हात विचार करायच्या आधीच उलटे फिरले, गाडी सरळ झाली. चार वर्षांच्या रात्रींचं चीज झालं त्या एका सेकंदात. हेल्मेटमध्ये मी एकटाच हसत होतो.

शेवटी २० मध्ये सहावा आलो. चौघे पुढे गेले, चौथ्यात आणि माझ्यात तीन दशांश. वाईट वाटलं, पण तो ब्रेक मला आता माहीत आहे, लोडसेल पेडलसाठी पैसे जमवतोय, पुढच्या वर्षी परत नाव देणार. मानेचा व्यायाम चालू आहे. डॉक्टरांना जाऊन पेढे देऊन आलो, त्यांनी टाइमशीट मागून घेतली आणि चष्मा लावून सगळी वाचली.

हां, एक राहिलं. पातळ तळाचे बूट न्या. जाड स्पोर्ट शूज घालून गेलो तर क्लच आणि ब्रेक एकदम दाबले जातात, पेडल इतके जवळ असतात. मी शेवटी शेजारच्या गॅरेजमधल्या केरळच्या मुलाचे बूट मागून घातले, एक नंबर लहान होते.