‘वडिलोपार्जित’ नसलेली जमीन

आजचा दिवस इंडोनेशियाच्या पश्चिम सुमात्रातील तानाह दातार जिल्ह्यात, मिनांगकाबाऊ या मातृवंशीय समाजाच्या एका लहानशा खेड्यात, भातखाचरांच्या बांधांवरून हिंडण्यात गेला. आपला ‘वडिलोपार्जित’ हा शब्द येथे लागूच पडत नाही, कारण पिढीजात शेती आईकडून मुलींकडे जाते. तिच्यावर देखरेख मात्र मामाची असते, आणि त्याला ते ‘मामाक’ म्हणतात हे ऐकून मला हसू आवरले नाही. रूढीप्रमाणे ही जमीन विकत नाहीत, आणि गहाण ठेवायची तर चारच कारणे मान्य आहेत : घरात अंत्यविधीवाचून पडलेले प्रेत, लग्न न झालेली उपवर मुलगी, कुळाच्या मोठ्या घराचे गळके छप्पर आणि रिकामी राहिलेली कुळप्रमुखाची गादी. कागदावर नाव कोणाचे, असे मी एका आजींना विचारले, तेव्हा त्यांनी चिखलाच्या हातानेच खाचरापलीकडच्या कुळाच्या कबरी दाखवल्या.