रीबूटनंतर टिकले तरच बरोबरची खूण : आरएचसीएसएच्या अभ्यासाचा माझा अनुभव

लिनक्स ही संगणकप्रणाली पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए ही लिनक्स सांभाळणाऱ्यांसाठीची परीक्षा, जिचा क्रमांक ईएक्स२०० असा आहे, चार पर्यायांतून योग्य उत्तर निवडण्याची परीक्षा नाही. उमेदवाराला चालू स्थितीतली लिनक्स मशीन दिली जातात, करायच्या कामांची यादी दिली जाते आणि वेळ संपल्यावर ती कामे प्रत्यक्षात झाली आहेत की नाहीत एवढेच तपासले जाते. ३०० पैकी २१० गुण मिळाले की उत्तीर्ण. इंटरनेट वापरता येत नाही, आणि मशीन रीबूट केल्यावर, म्हणजे बंद करून पुन्हा सुरू केल्यावर, जे टिकत नाही त्याला गुण मिळत नाहीत. नोकरी आणि घर सांभाळून या परीक्षेचा अभ्यास करताना माझा हुरूप कसा टिकला हे सांगायचे, तर परीक्षेच्या या स्वरूपापासूनच सुरुवात करावी लागते, कारण मला जे काही उमगले ते या स्वरूपातूनच उमगले.

मी डोंबिवलीला राहते आणि ऐरोलीतल्या एका डेटा सेंटरमध्ये पाळ्यांमध्ये काम करते. पडद्यावर अलर्ट आला की तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, काढायचे, ठरलेल्या दोन-चार गोष्टी तपासायच्या आणि प्रश्न सुटला नाही तर तिकीट लिनक्स टीमकडे पाठवायचे, असे माझ्या कामाचे स्वरूप होते. त्या टीममध्ये जायचे असेल तर प्रमाणपत्र असलेले बरे, असे वरिष्ठांनी सांगितले होते, आणि मलाही तिकीट पुढे पाठवून देण्यापेक्षा ते स्वतः सोडवावेसे वाटत होते. इच्छा होती, कारण होते, घरच्यांचा पाठिंबाही होता. तरीही पहिले काही महिने अभ्यास सारखा सुटत राहिला. रात्रपाळीचा आठवडा आला की सुटायचा, गणपतीत सुटायचा, मुलीच्या घटक चाचणीत सुटायचा, आणि प्रत्येक खंडानंतर पुन्हा बसताना आधीपेक्षा जास्त जोर लावावा लागायचा.

याला आळस म्हणणे सोपे आहे आणि आजूबाजूचे लोक तसे म्हणतातही. मला मात्र ते निदान पटले नाही, कारण त्याच काळात मी रोज तास-दीड तास व्हिडिओ पाहत होते आणि त्यात टाळाटाळ नव्हती. अडचण अशी होती की त्या तासाभरातून हाती काय आले हे कळण्याचा काही मार्गच नव्हता. व्हिडिओच्या खाली किती टक्के पाहून झाले हे दाखवणारी पट्टी पुढे सरकत होती, पण ती पट्टी शिकवणाऱ्याचा वेग मोजते, शिकणाऱ्याचा नाही. शिकवणारा माणूस सफाईने डिस्कचे भाग पाडून पार्टिशन करतो, त्यावर व्हॉल्यूम ग्रुप उभा करतो, लॉजिकल व्हॉल्यूम काढतो, आणि पाहणाऱ्याला सगळे समजते. कोऱ्या टर्मिनलसमोर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीसमोर, बसल्यावर मात्र पहिली कमांड कोणती, इथूनच सुरुवात असते. दिवसभराच्या दगदगीनंतर माणूस अशा कामाला बसत नाही ज्यात आज आपण कालच्या पुढे आहोत की नाही हे समजतच नाही, आणि यात माणसाचा फारसा दोष आहे असे मला वाटत नाही.

म्हणून मी पुराव्याची व्यवस्था बदलली. परीक्षेत काय काय करता आले पाहिजे याची यादी रेड हॅटच्या संकेतस्थळावर खुली असते. मी नवव्या आवृत्तीची यादी छापून घेतली आणि ती एका वहीत चिकटवली. वहीचा नियम असा ठरवला की वाचले किंवा पाहिले म्हणून कोणत्याही मुद्द्यापुढे खूण करायची नाही. नव्या मशीनवर, वही न उघडता, फक्त मशीनमधल्या मॅन पेजेसच्या, म्हणजे कमांडच्या माहितीपानांच्या, आधारे ते काम करायचे, मशीन रीबूट करायचे, आणि त्यानंतरही ते टिकले असेल तरच पेन्सिलने खूण करायची. पेन्सिल मुद्दाम, कारण दोन-तीन आठवड्यांनी तेच काम जमले नाही तर खूण खोडायची असेही ठरले होते. काही आठवड्यांत खुणा वाढण्याऐवजी कमी झाल्या. गंमत म्हणजे त्याने हिरमोड झाला नाही. स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) जोडायला जमते पण ऑटोएफएस (गरजेनुसार फोल्डर आपोआप जोडणे) विसरले आहे, एवढे नेमके कळले की उद्या कशाला बसायचे हा प्रश्नच उरत नव्हता, आणि थकलेल्या डोक्याला सर्वांत जड जातो तो हाच प्रश्न.

सरावासाठी फार काही लागत नाही. रेड हॅट वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य डेव्हलपर सबस्क्रिप्शन देते, आणि ते नको असेल तर रेड हॅटशी मिळतीजुळती रॉकी किंवा अल्मा लिनक्स आहेच. माझ्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्राममध्ये दोन आभासी मशीन रडतखडत का होईना, पण चालत होती. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेऊन ठेवला की कितीही मोडतोड केली तरी मशीन पूर्वपदावर आणता येते, त्यामुळे बिघडण्याची भीती राहत नाही. कामावरच्या सर्व्हरला हात लावताना छातीत धडधडते, इथे तसे काही नव्हते. ही निर्भयता अभ्यासाच्या ओढीसाठी किती आवश्यक आहे, हे मला आधी कोणी सांगितले नव्हते.

मॅन पेजेसविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण सगळे पाठ करावे लागेल या धास्तीनेच अनेक जण अर्ध्यात सोडतात. परीक्षेत इंटरनेट नसले तरी मशीनमधली कागदपत्रे हाताशी असतात. एसई-लिनक्सच्या, म्हणजे फाइलना लेबल लावून कोणाला काय करता येईल हे ठरवणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेच्या, कमांड लांबलचक असतात आणि त्या डोक्यात राहत नाहीत, पण सेमॅनेज-एफकॉन्टेक्स्टच्या मॅन पेजच्या शेवटी वेब फोल्डरला योग्य लेबल लावण्याचे आख्खे उदाहरण दिलेले आहे. सेमॅनेज-पोर्टच्या पानावर वेब सेवेला नवा पोर्ट देण्याचे उदाहरण आहे. नेटवर्कसाठी तर एनएमसीएलआय-एक्झाम्पल्स नावाचे स्वतंत्र पानच आहे. त्यामुळे कमांड पाठ करण्याऐवजी कोणते उदाहरण कोणत्या पानावर आहे हे लक्षात ठेवणे पुरते, आणि ते काम लोकलमध्ये उभ्याने करता येते. ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरच्या महिला डब्यात शिरल्यावर लॅपटॉप उघडणे शक्यच नसते. म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पानांचे तुकडे करून त्यांच्या एका बाजूला काम आणि दुसऱ्या बाजूला फक्त मॅन पेजचे नाव लिहिले होते. डब्यातल्या एका काकूंना बरेच दिवस ती देवाची नावे वाटत होती.

पण माझा अभ्यास खरा धरून ठेवला तो पेन ड्राइव्हने. सुरुवातीला मी अभ्यास करणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होते. तिथे कोणी तरी रोज प्रमाणपत्राचा फोटो टाकायचे, त्याखाली अभिनंदनाची रांग लागायची, आणि मधूनच कोणी परीक्षेतले जुने प्रश्न विकत देऊ करायचे. परीक्षेतला मजकूर बाहेर न सांगण्याचा करार प्रत्येक उमेदवार मान्य करतो, त्यामुळे हा व्यवहार सरळसरळ गैर आहे, पण नैतिकतेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी तो अभ्यासाची चव घालवतो, असे माझे मत झाले. मी ग्रुप सोडला आणि माझ्याच पाळीतल्या, अंबरनाथला राहणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर वेगळा उद्योग सुरू केला. दोघींनी आपापल्या घरी एक मशीन बिघडवायचे, त्याची ओव्हीए फाइल, म्हणजे अख्ख्या मशीनची प्रत, पेन ड्राइव्हवर काढायची आणि पाळी बदलताना दुसरीला द्यायची. सोबत एका ओळीची तक्रार, जशी खऱ्या तिकिटात असते तशी : मशीन सुरू होत नाही, वेबसाइट दिसत नाही, पासवर्ड बदलत नाही.

पहिली बिघडवलेली मशीन साधी होती. कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमधल्या यूयूआयडीमध्ये, म्हणजे डिस्कच्या ओळखक्रमांकात, एक अक्षर बदललेले असायचे, त्यामुळे मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकायचे. फाइल दुरुस्त करायची, माउंट कमांडला ए हा पर्याय देऊन सगळे जोडले जाते का ते पाहायचे आणि मगच रीबूट करायचे, ही सवय त्यातून लागली. मग दोघींच्या खोड्या वाढत गेल्या. मी एकदा वेब सेवेची पाने दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवून दिली. तिने परवानग्या पाहिल्या, फायरवॉल पाहिली, आणि शेवटी एसई-लिनक्सचे लेबल चुकीचे आहे हे शोधून काढले. त्यावर तिने दिलेले उत्तर मी विसरणार नाही. तक्रार होती की रूटचा, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड हरवला आहे. बूट होताना मशीन थांबवून पासवर्ड बदलण्याची रीत माझ्या हातात पक्की बसलेली होती, शेवटी लेबले पुन्हा लावायला सांगणारी ऑटोरीलेबलची फाइल ठेवायची, नाहीतर पासवर्ड साठवणाऱ्या शॅडो फाइलचे लेबल बिघडते आणि नवा पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही, हेही ठाऊक होते. पण तिथपर्यंत पोहोचायचा प्रश्नच आला नाही, कारण पासवर्ड बदलायलाच मशीन नकार देत होते. रूट असूनही नकार! परवानग्या ठीक, डिस्कवर जागा आहे, फाइल प्रणाली लिहिण्यायोग्य करून घेतलेली. रात्री उशिरा एलएस-अ‍ॅट्र ही कमांड चालवली तेव्हा शॅडो फाइलवर एक छोटा आय दिसला. तिने चॅटर कमांडने ती फाइल अपरिवर्तनीय करून ठेवली होती. तो आय काढला आणि पासवर्ड एका फटक्यात बदलला. ही गोष्ट परीक्षेच्या यादीत नव्हती, तिच्यासाठी वहीत खूण करता आली नाही, पण दुसऱ्या दिवशी ठाणे स्टेशनवर तिने “काय गं, उघडली का फाइल?” असे विचारले तेव्हा मला जो आनंद झाला होता तो कोणत्याही प्रेरणादायी भाषणातून मिळाला नसता.

त्या काळात अभ्यासाला बसावेसे वाटत नाही हा विचार जवळजवळ आलाच नाही, कारण मी अभ्यासाला बसतच नव्हते. तिने या वेळी काय मोडले आहे ते पाहायला बसत होते. रात्रपाळीच्या आठवड्यात पेन ड्राइव्ह पर्समध्ये तसाच पडून राहायचा, तरी चालायचे. त्यातला न सुटलेला प्रश्न डोक्यात राहायचा आणि सुटीच्या दिवशी स्वयंपाक आटोपला की हात आपोआप लॅपटॉपकडे वळायचा.

परीक्षेची तारीख आधीच घेऊन टाकावी, म्हणजे आपोआप अभ्यास होतो, असा सल्ला बहुतेक जण देतात. पाळीत काम करणाऱ्या आणि घरात लहान मूल असलेल्या माणसाने तो जपूनच ऐकावा. फी मोठी असते, ती भरल्यावर माझ्या मनात अभ्यासापेक्षा पैशांचाच विचार जास्त राहिला असता. वहीतल्या सगळ्या खुणा एक महिना न खोडता राहिल्या, तेव्हा मी तारीख घेतली. परीक्षा घरून देण्याची सोयही आहे, पण त्यासाठी बंद खोली, कॅमेरा आणि कोणीही आत न येण्याची हमी लागते. आमच्या दोन खोल्यांच्या घरात ती हमी सासूबाईही देऊ शकल्या नसत्या, म्हणून मी केंद्र निवडले.

परीक्षेतल्या प्रश्नांबद्दल लिहिता येत नाही. आधी सगळी कामे वाचून काढली, एकमेकांवर अवलंबून असलेली कामे आधी उरकली, आणि शेवटची मिनिटे येण्यापूर्वीच रीबूट करून पाहिले, एवढे सांगते. रीबूटनंतर लॉगिनची ओळ यायला जो वेळ लागतो त्यात जीव टांगणीला लागतो हे खरे, पण घरी ते इतक्या वेळा झालेले होते की हात थरथरले नाहीत. निकाल काही दिवसांनी ईमेलने आला. त्यात प्रत्येक विभागातली टक्केवारी असते. कंटेनरच्या, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवण्याच्या, विभागात माझे गुण कमी होते, आणि वहीत सर्वांत जास्त वेळा खोडलेली खूण पॉडमॅन या कंटेनर चालवणाऱ्या साधनाचीच होती, त्यामुळे आश्चर्य वाटले नाही.

लिनक्स टीमची मुलाखत झाली आणि बदलीही झाली. मैत्रिणीने दोन महिन्यांनी परीक्षा दिली आणि तीही उत्तीर्ण झाली. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते, त्यामुळे ती संपण्याआधी दोघींनी पुढची ईएक्स२९४, म्हणजे आरएचसीईची परीक्षा द्यायचे ठरवले आहे. तीही प्रात्यक्षिकच आहे आणि तिचा भर अ‍ॅन्सिबलवर आहे. अनेक मशीनवर एकदम कामे करणाऱ्या या साधनाच्या सरावाला एकाच वेळी चार-पाच मशीन चालवावी लागतात, म्हणून मी लॅपटॉपची रॅम सोळा जीबी करून घेतली, नवी यादी छापून वहीत चिकटवली, आणि परवा मैत्रिणीला पेन ड्राइव्हवर पहिली प्लेबुक, म्हणजे कामे लिहिलेली आणि एका मोकळ्या जागेच्या फरकानेही अडू शकणारी फाइल, दिली आहे, जिच्यात एका ओळीच्या आधी दोनऐवजी तीन मोकळ्या जागा आहेत.