एक जून, नंबर २४९

मंगळवार

दुपारपासून एका तक्त्यात अडकले आहे. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी अमेरिकेने सक्तीच्या लष्करभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली होती, तिचा हा तक्ता. बारा रकाने, प्रत्येकात महिन्याच्या तारखा आणि तारखेसमोर एक आकडा, १ ते ३६६ मधला. शेजारशेजारच्या आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. १३ सप्टेंबरला १७५, १४ सप्टेंबरला १. ७ जूनला ८५, ८ जूनला एकदम ३६६. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे असा तक्ता दिसला की हात आपोआप सरासरीकडे वळतो. आज वळला नाही. यातल्या प्रत्येक तारखेला जन्मलेली हजारो अमेरिकन मुलं होती आणि जितका आकडा लहान, तितकं व्हिएतनाम जवळ.

१ डिसेंबर १९६९, सोमवार संध्याकाळ, वॉशिंग्टन. लष्करभरतीचं काम बघणाऱ्या खात्याच्या मुख्य कचेरीत टीव्हीचे कॅमेरे लावलेले. टेबलावर काचेची मोठी बरणी, तिच्यात निळ्या प्लॅस्टिकच्या ३६६ कुप्या आणि प्रत्येक कुपीत वर्षातली एकेक तारीख लिहिलेली चिठ्ठी. २९ फेब्रुवारीसुद्धा विसरलेले नाहीत. पहिली कुपी काढली न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य अलेक्झांडर पिर्नी यांनी. आत निघालं १४ सप्टेंबर. १९४४ ते १९५० या सात वर्षांत १४ सप्टेंबरला जन्मलेली जी मुलं भरतीला पात्र होती, ती सगळी एका क्षणात रांगेत पहिली. पुढच्या कुप्या तरुण मुलामुलींकडून काढून घेतल्या. निघालेली चिठ्ठी फळ्यावर क्रमाने चिकटवायची, की पुढची कुपी.

हे सगळं टीव्हीवर चालू होतं, लोकांच्या जेवायच्या वेळेला. साठच्या दशकातली अमेरिका म्हटलं की आपल्यासमोर लांब केसांची मुलं, गिटार, चंद्रावरचं पाऊल असलं काहीबाही येतं. चंद्रावरचं पाऊल त्याच वर्षीच्या जुलैतलं. मला मात्र आता ते दशक म्हटलं की ही बरणी आठवणार, असं दिसतंय.

सोडत का काढावी लागली, तेही टिपून ठेवते. त्याआधी भरतीचा निर्णय गावोगावच्या मंडळांच्या हातात असे. मंडळावर गावातलीच प्रतिष्ठित माणसं. कोणाला बोलवायचं, कोणाला सवलत द्यायची, हे ती ठरवणार. कॉलेजात शिकणाऱ्याला सवलत मिळे, म्हणजे ज्याच्या बापाला फी परवडते तो निदान शिक्षण संपेपर्यंत सुटला. ज्याला परवडत नाही, तो गिरणीत किंवा शेतावर असतानाच पत्र यायचं. शिवाय वयाने मोठा तो आधी, असा नियम. म्हणजे विशी गाठायच्या आधीपासून सव्वीस पूर्ण होईपर्यंत टांगती तलवार. लग्न ठरवा, नोकरी धरा, पण पत्र कधी येईल सांगता येत नाही. सोडतीने हे सगळं एका वर्षावर आणायचं ठरलं. नंबर मोठा निघाला तर वर्षभराने मोकळे.

कल्पना वाईट नव्हती, असं मला अजूनही वाटतं. गावच्या पुढाऱ्याच्या मर्जीपेक्षा बरणी बरी.

बुधवार

मामांना फोन केला. मामा म्हणजे नवऱ्याचे मामा. ते १९६८ साली एम.एस. करायला इलिनॉयमधल्या एका विद्यापीठात गेले होते. म्हटलं, तुम्ही तेव्हा तिथेच होतात, काही आठवतं का? "आठवतं का काय विचारतेस सूनबाई," म्हणाले आणि पाऊण तास बोलले.

हॉस्टेलच्या खालच्या हॉलमध्ये टीव्ही होता. त्या संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नाही. कोणीतरी टोपी फिरवली, प्रत्येकाने डॉलर टाकला. ज्याचा नंबर सगळ्यात लहान निघेल त्याच्या बिअरला. आधी हसणं-खिदळणं, शिट्ट्या. पहिल्या काही तारखा निघाल्या तेव्हा मागून कोणीतरी एक शिवी हासडली आणि उठून गेला. मग हॉल हळूहळू रिकामा होत गेला, कारण ज्याची तारीख निघाली तो थांबत नव्हता आणि ज्याची निघत नव्हती त्याला मोठ्याने खूश होता येत नव्हतं. टीव्हीवरचा कार्यक्रम आटोपल्यावर उरलेली मुलं कोणाच्या तरी खोलीत रेडिओला चिकटली. विद्यार्थी व्हिसावर असल्यामुळे मामांना यातलं काही लागू नव्हतं. ग्रीन कार्ड असतं तर मात्र लागू झालं असतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांच्या ओळखीतल्या एकाने ग्रीन कार्डाचा अर्ज त्याच भीतीने लांबवला होता म्हणे.

तरी मुलांनी त्यांना विचारलंच, तुझी तारीख कोणती? मामा म्हणाले, एक जून. नंबर होता २४९. सगळ्यांनी पाठ थोपटली, सुटलास लेका! तेव्हा मामांना सांगावं लागलं, की ही माझी खरी तारीख नव्हे. शाळेत घालताना हेडमास्तरांनी लिहिलेली आहे. आई सांगायची, श्रावणात झालास, पाऊस थांबत नव्हता. कुठल्या सालचा श्रावण, हेही तिला नक्की सांगता यायचं नाही. वर्गातली निम्मी मुलं एक जूनचीच. अमेरिकन पोरांना हे काही केल्या पटेना. माणसाला स्वतःची जन्मतारीख माहीत नाही? आणि सरकार ती खरी धरतं? त्यावर एक जण म्हणाला, मग आमच्या मंडळाला तुझ्या हेडमास्तरांचा पत्ता दे.

मामा फोनवर जोरजोरात हसत होते. "अगं, आमच्या हेडमास्तरांनी अख्खा वर्ग वाचवला असता!" मी तक्ता उघडून बघितला. श्रावण साधारण ऑगस्टमध्ये धरला, तर १० ऑगस्टला २१ आणि ११ ऑगस्टला ३२४. बाळंतपण मध्यरात्रीच्या या बाजूला झालं की त्या बाजूला, एवढाच फरक.

शुक्रवार

शेवटी एक्सेलमध्ये सगळे आकडे घातलेच. नातवाने मदत करू का विचारलं, पण त्याला हात लावू दिला नाही.

चिठ्ठ्या नीट मिसळलेल्या असतील, तर कुठल्याही महिन्याची सरासरी साधारण १८३.५ च्या आसपास यायला हवी. थोडी वर, थोडी खाली, हे चालायचंच. इथे जानेवारी ते जून सहाही महिने वर आणि जुलै ते डिसेंबर सहाही खाली. मार्चची सरासरी २२५.८, डिसेंबरची १२१.५. पुढे १९७० मध्ये प्रत्यक्षात १९५ नंबरपर्यंतची मुलं बोलावली गेली. डिसेंबरच्या ३१ पैकी २६ तारखा त्यात सापडतात, मार्चच्या फक्त १०. हा योगायोग म्हणायला माझी जीभ रेटत नाही. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत म्हटला असता तर शून्य दिलं असतं.

अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांनाही तो वाटला नाही. जानेवारी १९७० च्या सुरुवातीलाच न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांची हरकत छापून आली. मग कुप्या कशा मिसळल्या याची चौकशी झाली आणि जे बाहेर आलं ते वाचून मी कपाळाला हात लावला. आधी जानेवारीच्या ३१ कुप्या खोक्यात घातल्या. मग फेब्रुवारीच्या घातल्या आणि दोन्ही एकत्र केल्या. मग मार्च, पुन्हा एकत्र. असं करत करत डिसेंबर. म्हणजे जानेवारीच्या कुप्या अकरा वेळा मिसळल्या गेल्या आणि डिसेंबरच्या एकदाच. नंतर खोकं बंद करून काही वेळा हलवलं, जिन्याने वर नेलं, बरणीत ओतलं. आणि काढणाऱ्यांचा हात बहुतेक वेळा वरच्या वरच फिरला. चिवड्यात शेंगदाणे सगळ्यात शेवटी घातले आणि डबा तळापासून हलवलाच नाही, तर पहिल्या वाटीत काय येणार हे आपल्याकडे पोरंसुद्धा सांगतील.

लबाडी कोणी केली नव्हती. मला तर तेच जास्त लागलं. भरतीच्या कायद्यातल्या दुरुस्तीवर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली २६ नोव्हेंबरला आणि सोडत काढली १ डिसेंबरला. मधे पाच दिवस. वर्षानुवर्षं रखडलेला प्रश्न, आणि चिठ्ठ्या मिसळायला पाच दिवस. बरणी काचेची घेतली, कॅमेरे लावले, सगळं उघड्यावर केलं, कोणाला शंका नको म्हणून. बघणाऱ्यांना न्याय दिसेल याची सगळी तजवीज झाली. खोकं तळापासून हलवण्याचं काम कंटाळवाणं असतं, ते कॅमेऱ्यात दिसत नाही. वर्गात यादृच्छिक, म्हणजे रँडम, नमुना शिकवताना मी नेहमी सांगायचे, की नुसतं डोळे मिटून काढणं पुरत नाही, त्याआधी कष्ट आहेत. मुलं जांभया द्यायची. हे उदाहरण तेव्हा माझ्या हाताशी असायला हवं होतं.

निकाल मात्र रद्द झाला नाही. डिसेंबरवाल्यांचे नंबर तेच राहिले.

रविवार

मामांचाच फोन आला. एक्सेलचा आलेख व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तो मोठा करून बघितला म्हणाले. मग परवा न सांगितलेलं सांगितलं. त्यांचा खोलीमित्र ११ डिसेंबरचा. नंबर ३९. नुकताच पदवीधर होऊन एम.एस.ला आलेला, आणि पदवीनंतरच्या शिक्षणाची सवलत बहुतेकांसाठी १९६८ मध्येच बंद झालेली. टोपीतले पैसे त्याला मिळाले नाहीत, त्याच्याहून लहान नंबरचे दोघे निघाले.

काय करायचं, याचे रस्ते तेव्हा सगळ्यांना पाठ होते. डॉक्टरचा दाखला. युद्धाला सदसद्विवेकाने विरोध असल्याचा अर्ज, तो मंडळाला पटवायचा. कॅनडा. नाहीतर सरळ नकार आणि तुरुंगाची तयारी. बॉक्सर मुहम्मद अलींनी १९६७ मध्ये ह्यूस्टनला नकार दिला, तेव्हा त्यांचं विजेतेपद काढून घेतलं, कोर्टात शिक्षाही झाली आणि ती शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द करायला १९७१ उजाडलं. पण ते अली होते. या मुलाने मधला रस्ता धरला. बोलावणं यायच्या आत आपणहून हवाई दलात नाव घातलं. सक्तीच्या भरतीत दोन वर्षं, इथे चार. पण पायदळात जंगलात जाण्यापेक्षा चार वर्षं बरी, असा हिशेब. असा हिशेब हजारोंनी केला. आपणहून गेले म्हणून त्यांची नोंद स्वेच्छेने आलेल्यांत होते. यावर संख्याशास्त्राच्या अंगाने मला बरंच बोलता येईल, पण मामांपुढे बोलले नाही.

टाइम्समधली ती बातमी हॉस्टेलवर पोचली होती का, हे मी विचारलं. पोचली होती. खोलीमित्राने वाचली आणि मामांनाच विचारलं, तू गणितवाला आहेस, आता परत काढतील का? मामांनी सांगितलं, काढायला हवी. "मला वाटलं होतं अमेरिका आहे, काढतील."

त्या मुलाला मताचाही अधिकार जेमतेम वर्षापूर्वी मिळाला होता. एकविसाव्या वर्षी मत आणि त्याच्या आधीच बंदूक, ही तक्रार तेव्हा देशभर होती. मतदानाचं वय अठरावर आलं ते १९७१ मध्ये.

त्याचा धाकटा भाऊ १९५१ चा. त्याच्यासाठी १ जुलै १९७० ला दुसरी सोडत झाली. या वेळी दोन पिंपं होती, एकात तारखा आणि दुसऱ्यात नंबर, आणि दोन्हींतून एकेक काढून जोडी लावायची. पिंपांत काय कुठल्या क्रमाने टाकायचं, त्यासाठीही यादृच्छिक क्रम आधी तयार करून घेतले होते. कोणीतरी शहाण्याने लक्ष घातलं होतं तर. त्या गटातून १२५ पर्यंतच बोलावणी गेली. भावाचा नंबर काय होता ते मामांना आठवत नाही, बोलावणं आलं नाही एवढं आठवतं.