आमची वाटचाल : औषधांच्या खोक्यांपासून खेळांच्या डब्यांपर्यंत

वागळे इस्टेटमध्ये आमचं काम सुरू झालं ते औषधांच्या खोक्यांवर. छपाई, लॅमिनेशन, डाय-कटिंग, पेस्टिंग. गिऱ्हाईक ठरलेलं, दर ठरलेला, पैसे मात्र तीन-तीन महिन्यांनी. बोर्डगेम आपणहून दारात आले. ठाण्या-डोंबिवलीची पोरं पन्नास-शंभर डबे मागायची आणि एवढ्याशा ऑर्डरला कुणी उभं करत नसे. आमची मशीन दुपारी रिकामीच असायची, म्हणून घेतलं.

यातल्या बऱ्याच जणांनी परदेशी खेळाला घरी जादा नियम जोडलेले असत. नवे पत्ते, नवी मोहीम, आणि झाकणावर थाटात मूळ कंपनीचा लोगो! तिथे आम्ही हात आखडता घेतो. खेळायची पद्धत कुणाच्या मालकीची नसते. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातल्या कलम ३(एम) ने ती पेटंटबाहेरच ठेवली आहे. पण पुस्तिकेतला मजकूर आणि चित्रं कॉपीराइटखाली येतात, नाव ट्रेडमार्कखाली. कोलकात्याच्या दोन भावांनी ‘स्क्रॅबल’ या शब्दखेळासारखा ‘स्क्रॅब्युलस’ हा ऑनलाइन खेळ काढला आणि ‘स्क्रॅबल’वाली मॅटेल कंपनी कोर्टात गेली. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात मॅटेलचा कॉपीराइटचा मुद्दा मानला नाही, पण ते नाव वापरायला मनाई केली. त्या भावांनी मग खेळ ‘लेक्स्युलस’ नावाने चालवला. हा किस्सा आम्ही प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवतो. कंटाळतात बिचारे.

लायसन्स असलं म्हणजे भागलं, असंही नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका घेऊन खेळायच्या अमेरिकी खेळाच्या नियमांवर इतरांनी पुस्तकं काढावीत म्हणून २००० पासून ओपन गेम लायसन्स होतं. जानेवारी २०२३ मध्ये नव्या लायसन्सचा मसुदा फुटला: जुनं रद्द, आणि साडेसात लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी. चाहते असे उसळले की महिना संपायच्या आत खेळाच्या मालक कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोकळा केला. आता त्यावर काही छापायचं तर श्रेय द्यावं लागतं, बस. तसली कामं आम्ही बिनघोर घेतो. श्रेयाची ओळ प्रूफमध्ये मीच तपासतो.

याच सुमारास आमचा स्वतःचा खेळसंच निघाला: जाड पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या, चार रंग, दोन फासे. लोक त्यावर नियम रचणार हे उघड होतं. वकिलांनी कडक करारनामा काढला होता. तो मी बाजूला ठेवला. सोंगट्या विकणं हा आमचा धंदा, आणि जितके खेळ तितक्या सोंगट्या खपणार. नियम कुणीही रचावेत, विकावेत, आम्हाला एक पैसा नको. ‘या संचासोबत खेळता येईल’ असंही खुशाल छापावं. आमचं बोधचिन्ह मात्र झाकणावर नको.

नौपाड्यातल्या एका बाईंनी पाढ्यांचा खेळ रचलाय. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर परवानगी हवी म्हणतात. गरज नाही म्हटलं, तरी सोमवारी येणार आहेत. डब्यांचं कोटेशन तयार ठेवलंय.