वैनगंगेचं पाणी मागायच्या आधी वैनगंगा बघून आलो

माझं गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, बोअरचंही तेच. डाळ शिजत नाही, दूध घातलं की चहा फाटतो. नळ आठ-दहा दिवसांआड येतो आणि ज्या दिवशी येणार त्या दिवशी घरातलं एक जण मजुरी बुडवून थांबतं. म्हणून वैनगंगा-नळगंगा नदीजोडला मंजुरी मिळाल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी आमच्या पारावर दुसरा विषयच नव्हता. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणातून निघून सव्वाचारशे किलोमीटरवर बुलडाणा जिल्ह्यातल्या नळगंगेपर्यंत पाणी येणार. नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलडाणा या सहा जिल्ह्यांत पावणेचार लाख हेक्टरच्या आसपास भिजणार.

त्या पारावर कुणीतरी म्हणालं, "तिकडचं पाणी तसंही समुद्रात वाया जातं." हे वाक्य मीही शंभरदा बोललेलो आहे. पण जिथून पाणी येणार ती नदी आपण पाहिलेलीच नाही, हे त्या रात्री मनाला लागलं. जानेवारीच्या शेवटी चार दिवस काढले आणि गेलो. आमच्याकडच्या कुणाला जायचं असेल तर जाता यावं, म्हणून हे सविस्तर लिहितो.

अकोल्याहून विदर्भ एक्स्प्रेस किंवा महाराष्ट्र एक्स्प्रेसने थेट भंडारा रोडला उतरता येतं. हे स्टेशन वरठीला आहे, भंडारा शहर तिथून दहाएक किलोमीटर. स्टेशनबाहेर ऑटो मिळतात. तर्री-पोहे खाऊन आधी वैनगंगेवरच्या कारध्याच्या पुलावर जा, तेही सकाळीच. धरण साठ किलोमीटर लांब असेल असं समजून मी पुलावर उभा होतो. शेजारी गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याने सांगितलं की हे जे संथ पाणी दिसतंय ते धरणाचंच, फुगवटा इथवर येतो. वाहणारी नदी बघायला आलो होतो आणि पहिल्याच पुलावरून तळं दिसत होतं.

तिथून आंभोरा. नवीन पूल झाल्यापासून भंडाऱ्याकडून जाणं सोपं झालंय; आधी नावेने पलीकडे जावं लागे. पुलाच्या मधल्या उंच खांबात लिफ्टने वर जाऊन बघायची सोय आहे. लोक फोटो काढायला जातात. तुम्ही वर गेलात तर कन्हान वैनगंगेला कुठून येऊन मिळते ते नीट बघून ठेवा, कारण पुढची गोष्ट तिथून सुरू होते. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला येतं. वाहत्या नदीत ते पातळ होऊन पुढे जायचं. आता समोर धरणाचं पाणी अडलेलं असल्याने ते इथेच मुरतं.

खाली घाटावर एका ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या, भावाने मला डोंग्यात घेतलं. काठापासून पन्नासेक हात गेलो असू, तर डोंगा जलपर्णीत रुतला. त्याने एक झाड उपटून माझ्या हातात दिलं. वर गुबगुबीत हिरवा देठ, निळसर फूल, दिसायला देखणं. खाली हातभर मुळ्या, काळ्या, बुळबुळीत, आणि त्या पिळल्यावर बोटांना लागलेला वास साबणाने दोनदा धुऊनही संध्याकाळपर्यंत गेला नाही. "जाळं टाकलं का आधी हेच येते," तो म्हणाला. "पानी बहुत हाये जी. मासा कुठी हाये? पह्यले पावसाळ्यात खालून मासा चढे. आता चढाले जागाच नाही." डोंग्याच्या तळाशी सकाळची कमाई पडलेली होती: ओंजळभर झिंगे आणि एक वाम.

मी आमच्या खाऱ्या विहिरींबद्दल सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने वल्हं थांबवून विचारलं, "हे पानी तुमी प्याल?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती. यावर मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्याजोगं नाही, कारण ते उत्तर नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी एसटीने पवनी. वैनगंगेकाठचं जुनं गाव, घाट, देवळं, आणि जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष. अर्धा दिवस इथे सहज जातो, पण मी घाई केली, ती तुम्ही करू नका. धरण तिथून दहा-बारा किलोमीटर. बस वेळेवर मिळेलच असं नाही, परतीसकट ऑटो ठरवावा. धरणावर जाताना ओळखपत्र जवळ असू द्या, चौकीवर विचारतात. फोटो काढायच्या आधी परवानगी घ्या, ड्रोन तर घरीच ठेवा.

गोसीखुर्दची भिंत अकरा किलोमीटरहून लांब आहे. तेहतीस दरवाजे. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. सुधारित अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला. अडीच लाख हेक्टर सिंचनाचं गणित होतं आणि भंडारा, नागपूर, चंद्रपूरच्या शेतकऱ्यांनी त्यासाठी तीन दशकं वाट पाहिली. भिंतीजवळच्या चहाच्या टपरीवर भेटलेल्या एका धानवाल्या शेतकऱ्याचा प्रश्न सरळ होता: आमच्या शेवटच्या वितरिकेला पाणी पोचायच्या आधी ते अकोल्याला कसं पोचणार? त्याचं जुनं गाव पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो म्हणाला.

त्या टपरीवर बसून मी वहीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले. धरणाचा एकूण साठा ११४६ दशलक्ष घनमीटर, त्यातला वापरता येणारा साठा ७४० च्या आसपास. नदीजोडला हवं असलेलं पाणी १७७२, म्हणजे वापरता येणाऱ्या साठ्याच्या दुपटीहून जास्त. याचा अर्थ हे पाणी साठ्यातून देण्याचं नाही, पावसाळ्यात नदी भरून वाहत असताना वरच्यावर उचलायचं आहे. कागदावर यालाच जादा पाणी म्हणतात. आणि अडचण नेमकी या शब्दात आहे. डोंग्यातला भाऊ ज्या पावसाळी पाण्यावर मासा चढे म्हणाला ते हेच पाणी. नदीचा गाळ वाहतो तो याच पाण्यात. जलपर्णी, सांडपाणी ढकलून नेण्याचं बळ याच पाण्यात. जे आपण वाया गेलं म्हणतो, ते नदीचं वर्षभराचं काम दोन-तीन महिन्यांत उरकत असतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, गोसीखुर्दचे दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीत हाहाकार झाला. त्या वेळी पश्चिमेकडे वळवायला वाट असती तर थोडं पाणी तिकडे गेलं असतं, असं टपरीवरचेच लोक म्हणत होते. म्हणून मी काही "नदीजोड नकोच" म्हणत परत आलेलो नाही. माझ्या आईने साठ वर्षं खारं पाणी प्यायलंय. पण आधी नदीचा वाटा बाजूला काढावा, तो किती आणि कोणत्या महिन्यात सोडायचा हे लिहून ठरवावं, आणि मग उरलेलं मोजावं, एवढं मला त्या भिंतीवर पटलं. आज आपण उलटं करतो. आधी मागणी मोजतो आणि उरलं तर नदीला.

समुद्राचं म्हणाल तर त्याबद्दलही एक सांगतो. वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला भेटते, दोघींची प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला १८५२ मध्ये बंधारा बांधून झाला, तिथून कालवे फुटतात आणि सगळा त्रिभुज प्रदेश भाताने हिरवा होतो. पुढे कोरिंगाचं खारफुटीचं जंगल. माझा मेव्हणा काकीनाड्याला नोकरीला आहे, त्याच्याकडे गेलो असताना उप्पाड्याचा किनारा पाहिला होता. घरांच्या अर्ध्या भिंती समुद्रात लटकत होत्या. वरच्या धरणांनी गाळ अडवला, नदीतून येणारा गाळ निम्म्याहून खाली आला, आणि समुद्राने खाल्लेली जमीन भरून काढायला काहीच उरलं नाही, असं तिथल्या मास्तरांनी समजावलं होतं. तेव्हा ते आंध्रचं दुःख वाटलं होतं. गोसीखुर्दच्या भिंतीवर उभं राहिल्यावर कळलं की तो गाळ इथून, आपल्या विदर्भातून जायचा.

तिसऱ्या दिवशी पवनीहून लाखांदूरमार्गे अर्जुनी मोरगाव. हा रस्ता दिवसाउजेडीच करा, खिडकीची जागा धरा. दर दोन-चार किलोमीटरवर तलाव दिसतो. मालगुजारी तलाव म्हणतात ते हेच. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळात बांधलेले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर आहेत. नवेगाव बांध त्यातला मोठा. मातीची पार म्हणजे बांध, पाणी सोडायचं तुडुम, जास्तीचं पाणी वाहून जायला सलंग. तलाव भरला की सलंगीवरून पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या. पाणी अडतंही आणि पुढेही जातं. १९५०-५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे गेले आणि राखणारे हात हळूहळू बाजूला झाले. पार खचल्या, पोटात बेशरमाची झुडपं माजली, आणि वरून लवकर पैसा देणारे मासे सोडले गेले. गवत्या मासा तर तलावातलं शेवाळ-वनस्पती फस्त करतो.

एका गावात ढिवर बायकांनी तलाव पुन्हा जिवंत केला आहे, तो बघायला गेलो होतो. गटातल्या एका ताईंनी गुडघाभर पाण्यात उतरून मला एक वेल उचलून दाखवली. "हा चौरा." पानाखाली बोट फिरवलं तर पारदर्शक थेंबांसारखी अंडी चिकटलेली. आधी बेशरम मुळासकट खणून काढलं, उन्हाळ्यात तलावाच्या उथळ भागात नांगर घातला, आणि पाऊस पडून पाणी चढू लागलं की दुसऱ्या चांगल्या तलावातून चौरा, गाद, परसूड या पाणवनस्पती आणून लावल्या. भात रोवतात तसंच, ओळीने. नंतर मरळ आणि बाकीचे गावठी मासे आपसूक आले. पाखरं आली. महाराष्ट्रात सारस उरलेत ते याच गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात, आणि त्यांना असाच उथळ, गवताळ काठ लागतो.

मी विचारलं, गाळ काढायला जेसीबी आला नाही का? आला होता म्हणाल्या. त्याने काठ उभा कापून तलावाची विहीर केली, पाणी वाढलं आणि मासा गेला. आता गाळ कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा हे बायका दोरी लावून दाखवतात, मगच मशीन लागतं. शेतीचं पाणीही त्यांनी तोडलेलं नाही. धानाला पाणी सुटतंच, पण तळाला किती ठेवायचं ती खूण तुडुमाच्या दगडावर केलेली आहे. ती रेघ मी बोटाने चाचपून पाहिली. गोसीखुर्दसाठी मी वहीत जे मागत होतो, ते इथे दगडावर छिन्नीने लिहिलेलं होतं.

आता जाणाऱ्यांसाठी. डिसेंबर-जानेवारीत पाखरं दिसतात, थंडी कडक असते, स्वेटर न्या. नदीचं खरं रूप बघायचं तर ऑगस्टमध्ये, पण तेव्हा पूर आला की रस्ते बंद होतात, दोन दिवस हातचे ठेवा. मुक्कामाला भंडारा, पवनी आणि साकोली बरे. नवेगाव बांधला राहायचं तर आधी चौकशी करून जा. पिण्याचं पाणी सोबत ठेवा. तलावावर जाताना गावातल्या मच्छीमार संस्थेच्या लोकांना आधी सांगा, परस्पर काठावर उतरू नका. सारसाच्या फार जवळ जाऊ नका, घरटं दिसलं तर जागा कुणाला सांगू नका. परत यायला अर्जुनीहून गोंदियाला गाडी मिळते आणि गोंदियाहून अकोल्याला रात्रीचा प्रवास. ढिवर भावाने डोंग्यात घेतलं तर त्याची सकाळ मोडते, तिचे पैसे आपणहून द्या.

निघताना ताईंनी विचारलं, "तुमच्या गावात तलाव नाही का?" आहे. गावाच्या वरच्या अंगाला एक जुना पाझर तलाव आहे, बेशरमाने भरलेला, त्याकडे आम्ही पंधरा वर्षांत पाहिलेलं नाही. "मंग जूनमधी या लागवडीले," त्या म्हणाल्या, "हातानं लावल्याशिवाय समजत नाही." गावातले चौघे तयार झाले आहेत. आणखी कुणाला यायचं असेल तर पहिला मोठा पाऊस पडला की निघायचं ठरलंय. जुने कपडे आणि विळा आणा. चप्पल काठावरच राहते, चिखलात ती चालत नाही.